परसबागेतील बहुवर्षायू सूर्यफूल : एकदा पेरावे, वर्षानुवर्षे जपावे

उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग, दक्षिणेला तापीचे खोरे आणि मधल्या काळ्या जमिनीत नजर पोहोचेल तिथवर केळीच्या बागा, असा यावलचा परिसर आहे. येथे फाल्गुन सरतासरताच ऊन तापू लागते आणि वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. गावातील जुन्या व्यापारी घरांची रचना ठरलेली असते : पुढे पेढी, मध्ये चौक आणि मागे परस. परसात तुळस, मोगरा, जास्वंद, कण्हेर आणि एखादे लिंबाचे झाड असते. घरातील मुलांच्या हट्टामुळे अधूनमधून सूर्यफुलाचे पाकीटही येते. मोठ्या हौसेने वाफा खणला जातो, बी पेरले जाते आणि दोन महिन्यांत ताटाएवढे फूल उमलते. आठ-दहा दिवस घर त्याच्याकडे पाहून आनंदते. मग फूल मान टाकते, खोड वाळते आणि मुळासकट उपटून टाकावे लागते. पुढील हंगामात पुन्हा तीच खणाखणी सुरू होते.

या खणाखणीचा प्रश्न जैन कुटुंबात केवळ श्रमाचा नसतो. जमीन प्रत्येक वेळी उलटीपालटी करताना मातीतील असंख्य सूक्ष्म जीवांना बाधा पोहोचते, हे घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात असतेच. श्रावकाच्या संसारात आरंभी हिंसा पूर्णपणे टळत नाही. ती कमीत कमी व्हावी, एवढा विवेक मात्र त्याच्या हाती असतो. म्हणूनच एकदा रुजले की चार-सहा वर्षे त्याच जागी राहणारे, दरवर्षी आपणहून फुटणारे आणि फुलणारे सूर्यफूल असते का, हा प्रश्न अशा घरात स्वाभाविकपणे विचारला जातो. त्याचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या होकाराच्या काही अटी आहेत आणि त्या समजून घेतल्याशिवाय बी मातीत टाकू नये.

पेढीवरचे सूर्यफूल

व्यापारी घराला सूर्यफूल परिचित आहे ते प्रामुख्याने तेलाच्या डब्यावरून. ही वनस्पती मूळची उत्तर अमेरिकेची. तेथील मूलनिवासी लोकांनी चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ती लागवडीखाली आणली. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिचे बी युरोपात नेले आणि प्रदीर्घ काळ ती तेथे केवळ शोभेची म्हणून वाढली. तिच्या बियांपासून व्यापारी प्रमाणावर तेल काढण्याची कल्पना रशियातील वोरोनेझ प्रांतात दानिल बोकारेव्ह या शेतकऱ्याला सुचली. ते साल होते १८२९. पुढे विसाव्या शतकात व्ही. एस. पुस्तोवोइत या शास्त्रज्ञाने निवड पद्धतीने बियांतील तेलाचे प्रमाण जवळजवळ ५० टक्क्यांपर्यंत नेले.

भारतात तेलबियांचे पीक म्हणून सूर्यफुलाचे आगमन १९६९ मध्ये झाले. सोव्हिएत संघातून आणलेल्या ‘पेरेडोविक’ आदी वाणांपासून आरंभ झाला आणि १९८० मध्ये ‘बीएसएच-१’ हा देशातील पहिला संकरित वाण आला. महाराष्ट्रात लातूर आणि सोलापूर या भागांत हे पीक विशेष रुजले. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी देशात वीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र सूर्यफुलाखाली होते. त्यानंतर ते झपाट्याने घटत गेले. आज देशाला लागणारे बहुतांश सूर्यफूल तेल परदेशातून येते. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटताच तेलाच्या डब्याचे भाव कसे उसळले, हे बाजारपेठेत बसणाऱ्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

शेतातील हे सूर्यफूल वर्षायू आहे. पेरणीपासून साधारण तीन-साडेतीन महिन्यांत त्याचे जीवन संपते. आपली सारी शक्ती एका मोठ्या फुलात आणि त्यातील बियांत ओतून ते निवृत्त होते.

त्याचे बहुवर्षायू भाऊबंद

सूर्यफुलाच्या कुळशाखेत सुमारे पन्नास जाती आहेत आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक बहुवर्षायू आहेत. त्यांची रीत वेगळी असते. पहिल्या वर्षी त्या मिळवलेले बरेचसे अन्न मुळांत साठवतात. फूल थोडे देतात किंवा देतही नाहीत. दुसऱ्या वर्षापासून त्याच मुळांतून नवे धुमारे फुटतात. फुले आकाराने लहान, वाटीएवढी किंवा त्याहून लहान. परंतु एका खोडावर एक नव्हे, तर अनेक. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर वर्षायू सूर्यफूल हाती आलेले सारे भांडवल एकाच सौद्यात लावते, तर बहुवर्षायू सूर्यफूल मुद्दल जमिनीत राखून व्याजावर फुलते.

या गुणाकडे जगातील कृषिशास्त्रज्ञांचेही लक्ष गेले आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील सलिना येथे १९७६ मध्ये वेस जॅक्सन यांनी ‘द लँड इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन केली. दरवर्षी नांगरल्याने माती वाहून जाते. तेव्हा धान्य व तेलबिया बहुवर्षायू का असू नयेत, हा त्या संस्थेचा मूळ विचार. तेथे ज्या वनस्पतींवर काम झाले, त्यांत बहुवर्षायू सूर्यफूलही आहे. जमीन कमीत कमी दुखवावी, हा विचार आपल्याकडे धर्माच्या मार्गाने आला आणि तेथे मृदाशास्त्राच्या मार्गाने. दोन्ही मार्ग एकाच वाफ्यापाशी येऊन मिळतात, हे लक्षणीय आहे.

चार नावे, चार स्वभाव

‘बारमाही सूर्यफूल’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. त्यांचे स्वभाव इतके भिन्न आहेत की नाव विचारल्याशिवाय व्यवहार करू नये.

पहिली म्हणजे हेलिअँथस मॅक्सिमिलियानी. १८३२ ते १८३४ या काळात उत्तर अमेरिकेचा प्रवास करणाऱ्या मॅक्सिमिलियन या जर्मन राजपुत्राचे नाव तिला मिळाले आहे. अमेरिकेच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशांची ही रहिवासी. उंची एक ते अडीच-तीन मीटर. पाने लांबट, करड्या-हिरव्या रंगाची आणि मधल्या शिरेवर पन्हळीसारखी दुमडलेली. फुले संपूर्ण पिवळी, पाच-सात सेंटिमीटर रुंद आणि खोडाच्या वरच्या भागात पानांच्या बगलेतून ओळीने येणारी. चिकण मातीत ती तग धरते आणि मुळे खोल जात असल्याने पाण्याची ओढही सोसते.

दुसरी हेलिअँथस डेबिलिस. अमेरिकेच्या दक्षिणेकडील समुद्रकिनाऱ्यावरील वाळूत ती वाढते. पाने काकडीच्या पानांसारखी, फुले पिवळी आणि मध्यभाग गडद तपकिरी. ती अंगाने पसरते. उंची फारशी नसते. गोठवणारी थंडी नसलेल्या प्रदेशात ती दोन-तीन वर्षे टिकते आणि स्वतःच्या पडलेल्या बियांतून पुन्हा उगवून वाफा भरता ठेवते. उष्ण हवा तिला मानवते. न मानवते ते साचलेले पाणी.

तिसरी हेलिअँथस ट्युबरोसस, म्हणजेच जेरुसलेम आर्टिचोक. तिच्या मुळाशी आल्यासारखे कंद येतात आणि लागवड सर्वसाधारणपणे त्या कंदांपासूनच करतात.

चौथी खरे तर या कुळशाखेतील नव्हेच. टिथोनिया डायव्हर्सिफोलिया किंवा मेक्सिकन सूर्यफूल या नावाने रोपवाटिकांत मिळणारे हे मोठे झुडूप. फांदी खोचली तरी जगणारे, दोन-तीन मीटर उंचीचे आणि नारिंगी-पिवळ्या फुलांनी लदलेले.

कंद नको, बी हवे

या चौघींपैकी जैन परसबागेत कोणती यावी, याचा निर्णय तसा अवघड नाही. जेरुसलेम आर्टिचोकचे कंद हे कंदमूळच. शास्त्रदृष्ट्या ते अनंतकाय. एका शरीरात अनंत जीवांचा निवास मानलेले. ते खाणे तर वर्ज्यच आहे. परंतु केवळ फुलांसाठी लावले तरी प्रश्न सुटत नाही. जमिनीत कंदाचा लहानसा तुकडा राहिला तरी तो फुटतो आणि दोन वर्षांत वाफा भरून जातो. मग त्याला आवरण्यासाठी वारंवार जमीन खणून कंद उपसावे लागतात. ज्या खणाखणीतून मुक्त होण्यासाठी बहुवर्षायू रोप निवडले, तीच दुप्पट होऊन पुढे उभी राहते.

मेक्सिकन सूर्यफुलाबाबत वेगळे भय आहे. आफ्रिकेत आणि आशियात अनेक ठिकाणी त्याने बागेचे कुंपण ओलांडून रस्त्यांच्या कडा व डोंगरउतार व्यापले आहेत. यावलच्या उत्तरेला यावल अभयारण्य आहे. सूर्यफूल देशात पीक म्हणून आले त्याच १९६९ मध्ये ते घोषित झाले. गावातील परसातून वाऱ्याने, पाण्याने किंवा टाकून दिलेल्या फांद्यांतून सातपुड्याच्या पायथ्याला असा पाहुणा पोहोचवणे हे योग्य नव्हे. जंगलातील गवतावर आणि झुडपांवर जगणाऱ्या प्राण्यांच्या तोंडचा घास त्यातून जाऊ शकतो.

उरतात मॅक्सिमिलियानी आणि डेबिलिस. दोन्ही बियांपासून वाढवता येतात. ज्यांच्याकडे केवळ कुंड्या किंवा गच्ची आहे, त्यांनी डेबिलिस निवडावी. ज्यांच्याकडे जमिनीचा तुकडा आहे आणि एक वर्ष वाट पाहण्याची तयारी आहे, त्यांनी मॅक्सिमिलियानीचा विचार करावा.

बियाण्याची पारख

माल पारखून घेणे हा व्यापाऱ्याचा स्वभाव. तो येथे उपयोगी पडतो. पाकिटावर केवळ ‘सूर्यफूल, बारमाही’ एवढेच लिहिलेले असेल तर ते घेऊ नये. शास्त्रीय नाव लिहिलेले असावे. बीही बोलके असते. तेलाच्या सूर्यफुलाचे बी मोठे, काळे किंवा पट्टेदार असते; मॅक्सिमिलियानीचे बी त्याच्या मानाने फारच बारीक, काही मिलिमीटर लांबीचे व गडद रंगाचे असते. मोठे पट्टेदार बी ‘बहुवर्षायू’ म्हणून कोणी देत असेल, तर फसगत निश्चित समजावी.

कृषी सेवा केंद्रातून पेरणीसाठी मिळणाऱ्या संकरित सूर्यफुलाच्या बियाण्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. त्यावर बहुधा बुरशीनाशकाची किंवा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेली असते आणि ते ओळखू यावे म्हणून त्याला गुलाबी, निळा किंवा अन्य रंग दिलेला असतो. असे बी उरले तर ते पक्ष्यांना टाकू नये, मुलांच्या हाती देऊ नये आणि घरातील धान्याजवळ ठेवू नये. जीवदयेच्या भावनेने अंगणात टाकलेले मूठभर रंगीत बी चिमण्या-पारव्यांच्या जिवावर बेतू शकते.

दुसरी सावधगिरी परदेशस्थ आप्तांच्या संदर्भात. आज अनेक कुटुंबांतील मुले-मुली अमेरिकेत आहेत आणि ही फुले मूळची तेथलीच. येताना पाकीट खिशात घालून आणावे, असा मोह सहज होतो. परंतु परदेशातून बियाणे आणण्यास २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परवाना व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. हा नियम निष्कारण नाही. महाराष्ट्राच्या पडीक जमिनी, रस्ते व शेतांचे बांध व्यापून बसलेले गाजरगवत हेही सूर्यफुलाच्याच कुळातील. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते येथे आले, असे मानले जाते. नकळत आलेल्या त्या बियांची किंमत शेतकरी आजही मोजत आहे. गाजरगवताने त्वचेला खाज आणि श्वासाला त्रास होतो तो निराळाच. म्हणून बियाणे देशातील नोंदणीकृत विक्रेत्याकडून, नावानिशी घ्यावे आणि पावती जपून ठेवावी.

कोजागरी ते कार्तिकी

मॅक्सिमिलियानीचे बी थेट मातीत पेरले तर बहुधा निराशा पदरी पडते. त्याच्या मायदेशी हिवाळ्यात बर्फ पडतो. शरदात गळालेले बी तो हिवाळा ओल्या, थंड मातीत काढते आणि वसंतातच अंकुरते. अवेळी उगवून थंडीने मरू नये, म्हणून निसर्गाने त्याला हे कुलूप लावले आहे. खान्देशात तशी थंडी पडत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गारठा असतो. पण दिवसा ऊन चढते. म्हणून या कुलपाची किल्ली घरातील फ्रीजमध्ये शोधावी लागते.

कृती सोपी आहे. स्वच्छ धुतलेली नदीची रेती ओलसर करावी. मुठीत दाबली असता पाणी गळू नये इतकीच. त्यात बी मिसळून झाकणाच्या लहान डबीत भरावे, वर नाव व तारीख लिहावी आणि डबी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खाद्यपदार्थांपासून वेगळी, सुमारे ४ अंश तापमानात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात ती ठेवू नये. अशा स्थितीत तिने साधारण ३० दिवस राहावे. दर आठवड्याला झाकण उघडून रेती सुकली नाही ना आणि बुरशी आली नाही ना, हे पाहावे.

हे तीस दिवस कोणते असावेत? जैन पंचांगच याचे सुंदर उत्तर देते. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीला, नवपद ओळीची सांगता होते. त्या दिवशी बी थंडीत ठेवावे. बरोबर एक चांद्रमास लोटला की कार्तिक पौर्णिमा येते. चातुर्मास संपतो, साधू-साध्वींचे विहार सुरू होतात आणि चातुर्मासात माती न खणण्याचा ज्यांचा नियम असतो, तेही मोकळे होतात. नेमके याच सुमारास खान्देशातील पाऊस पूर्ण ओसरलेला असतो, दिवसाचे ऊन सौम्य झालेले असते आणि रोपाला उन्हाळ्यापूर्वी चार महिने सवड मिळते. नियम आणि ऋतू यांचा असा मेळ सहसा बसत नाही.

कार्तिकीनंतर कुंडीत किंवा पसरट ट्रेमध्ये बागेची माती, रेती आणि पालापाचोळ्याचे पूर्ण कुजलेले खत समप्रमाणात घ्यावे. बी अर्ध्या सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये. वर रेतीचा पातळ थर पुरेसा. पाणी झारीने किंवा फवाऱ्याने, हलक्या हाताने द्यावे. उगवण दोन ते तीन आठवड्यांत होते आणि ती एकसारखी नसते. काही बी आठवडाभर मागाहून उगवते. म्हणून घाईने कुंडी रिकामी करू नये. डेबिलिसला थंडीचा हा विधी लागत नाही. तिचे बी याच सुमारास थेट रेताड मातीत पेरता येते.

रोपांना चार ते सहा पाने आली की पौष-माघात त्यांची कायमच्या जागी लावणी करावी. दोन रोपांत ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर असावे. मॅक्सिमिलियानीचे एकच रोप लावू नये. तिच्या फुलाचे स्वतःच्याच परागाने बीजधारण होत नाही. बी हवे असेल तर बियांपासून वाढलेली किमान दोन वेगळी रोपे जवळ हवीत. एकाच रोपाचे दोन भाग करून लावले तर ते दोन दिसतात, पण निसर्गाच्या हिशेबात एकच ठरतात.

काळी माती आणि वैशाखाची परीक्षा

यावलच्या मातीने आजवर अनेक पिके पाहिली आहेत. एकेकाळी हे गाव हातकागद आणि नीळ यांसाठी प्रसिद्ध होते. त्या काळी व्यापाऱ्यांच्या चोपड्या हातकागदाच्याच असत. नीळ गेली, कागद गेला आणि पुढे केळीचे राज्य आले. केळीला पाणी फार लागते. यावल-रावेर पट्ट्यातील विहिरी आणि कूपनलिका वर्षागणिक खोल जात आहेत. अशा गावी परसातील रोप निवडताना ते किती पाणी पिते, हा विचार टाळता येत नाही.

येथील काळी माती पाणी धरून ठेवते, हा तिचा गुण उन्हाळ्यात उपकारक आणि पावसाळ्यात घातक ठरतो. श्रावण-भाद्रपदात मुळांशी पाणी तुंबले की मुळे कुजतात. म्हणून वाफा जमिनीपासून २०-२५ सेंटिमीटर उंच करावा आणि त्यात रेती व थोडी बारीक खडी मिसळावी. वाफ्याच्या कडेला विटा जमिनीत उभ्या गाडाव्यात. म्हणजे मॅक्सिमिलियानीची आडवी वाढणारी मुळे सीमा ओलांडत नाहीत. जागा अशी असावी, की जेथे दिवसाचे किमान सहा तास ऊन मिळेल. सावलीत रोप उंच होते, वाकते आणि फूल देत नाही.

खरी परीक्षा पहिल्या वैशाखात होते. रोप सहा महिन्यांचेही नसते आणि मुळे अजून खोल गेलेली नसतात. या दोन महिन्यांत दुपारच्या उन्हापासून जुन्या सुती लुगड्याची किंवा हिरव्या जाळीची सावली द्यावी. मुळांभोवती केळीच्या वाळलेल्या पानांचे पाच-सात सेंटिमीटर जाड आच्छादन करावे. ते या भागात विनामूल्य आणि विपुल मिळते. खोडाला मात्र आच्छादन टेकू देऊ नये. पाणी संध्याकाळी, दोन-तीन दिवसांआड, पण भरपूर द्यावे. रोज थोडे थोडे पाणी दिल्यास मुळे वरच राहतात आणि उन्हात होरपळतात. जळगाव जिल्ह्याला ठिबक सिंचनाची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. परसातही एखादी बारीक नळी आणि प्रत्येक रोपाला एक ड्रीपर एवढी सोय केली, तर पाण्याची मोठी बचत होते. डाळ-तांदूळ धुतलेले पाणीही उपयोगी. साबणाचे पाणी मात्र देऊ नये.

खताच्या बाबतीत केळीच्या बागेची सवय येथे सोडावी लागते. वर्षातून एकदा, पावसाच्या आरंभी, रोपामागे दोन ओंजळी कुजलेले शेणखत पुरते. अधिक खताने रोप उंच व पोकळ होते आणि पहिल्या वादळात आडवे पडते. दुसऱ्या वर्षी आषाढात धुमारे गुडघ्याच्या वर गेले की शेंडे खुडावेत. रोप डेरेदार होते आणि टेकू कमी लागतो.

ज्यांचे फूल, त्यांचे घर

सूर्यफुलाचे फूल म्हणजे एक फूल नसून फुलांची वसाहत आहे. कडेच्या पिवळ्या पाकळ्या ही वांझ फुले. त्यांचे काम पाहुण्यांना बोलावण्याचे. मधल्या चकतीत शेकडो लहान फुले असतात आणि त्यांतच मध, पराग व पुढे बी असते. शेतातील सूर्यफुलाची कोवळी कळी दिवसभर सूर्यामागे वळते; पूर्ण उमललेले फूल मात्र पूर्वाभिमुख स्थिर होते. सकाळच्या उन्हाने ते लवकर उबदार होते आणि मधमाश्या त्याच्याकडे अधिक येतात, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. सातेरी, फुलोरी आणि आग्या या आपल्याकडील मधमाश्यांना सूर्यफूल प्रिय आहे.

जेथे इतके जीव येणार, तेथे विष फवारण्याचा विचारच नको. मावा आला तर पानांमागे साध्या पाण्याचा हलका फवारा द्यावा, म्हणजे तो निघून जातो. केसाळ अळी दिसली तर ते पान अलगद खुडून, अळीसह दूरच्या तणावर ठेवावे. कोवळ्या रोपांवर बारीक मच्छरदाणी घातली तर बहुतांश प्रश्न उद्भवतच नाहीत. पानांवर भुरी आली तर रोपे दाट झाली आहेत, असे समजून अंतर वाढवावे. निंबोळी अर्क अनेक जण निरुपद्रवी मानतात. परंतु तोही कीटकांची वाढ रोखतो, हे जाणून प्रत्येकाने आपल्या नियमाप्रमाणे निर्णय घ्यावा. थोडी पाने खाल्ली गेली तरी बहुवर्षायू रोपाचे बिघडत नाही. त्याची पुंजी मुळांत सुरक्षित असते.

फुले वाळली की लगेच कापू नयेत. बी पक्व होताच राघू आणि चिमण्या येतात. शेतकऱ्याला राघू हा शत्रू वाटतो. परसात तो अतिथी असतो. पक्ष्यांसाठी बाजारातून ज्वारी-बाजरी आणून टाकणाऱ्या घराला हे धान्य परसातच मिळते आणि त्यावर कोणतीही औषधप्रक्रिया नसते. त्यातील मूठभर बी पुढीलांसाठी राखून ठेवावे आणि मगच वाळलेले धुमारे जमिनीपासून वीतभर उंचीवर कापावेत.

दुसऱ्या वर्षाची प्रतीक्षा

पहिल्या वर्षी मॅक्सिमिलियानीचा वाफा पाहुण्यांना दाखवण्याजोगा नसतो. शेजारच्या कुंडीतील वर्षायू सूर्यफूल ताटाएवढे फुलून मिरवत असताना याच्याकडे फक्त लांबट पाने असतात. पुष्कळ जण याच टप्प्यावर धीर सोडतात आणि रोप उपटतात. ज्यांनी ते राखले, त्यांना दुसऱ्या पावसाळ्यात एका खोडाच्या जागी अनेक धुमारे दिसतात. मायदेशी ते भाद्रपद-आश्विनात फुलते. येथेही पावसाळा ओसरून दिवस लहान होऊ लागले की फुलांची वाट पाहावी. तीन-चार वर्षांनी गड्डा दाट झाला की एकदाच, माघात, तो उचलून त्याचे भाग करावेत आणि आप्तांना द्यावेत. देताना झाडाचे खरे नाव, वाफ्याला विटांची सीमा आणि रानाजवळ न लावण्याची सूचना, या तिन्ही गोष्टी सोबत द्याव्यात.

खान्देशच्या उन्हात प्रत्येक रोप जगेलच, असे नाही. दहा बियांतून चार रोपे दुसरा पावसाळा पाहतील, तर तो तोटा समजू नये. त्या चार रोपांसाठी माती एकदाच खणली गेली, पाणी मोजून दिले गेले आणि कोणावरही विष पडले नाही. कोजागरीच्या दिवशी ओल्या रेतीत ठेवलेल्या चिमूटभर बियांचा हा हिशेब आहे. त्याची जमेची बाजू पाहण्यासाठी एक वर्ष थांबावे लागते, एवढेच.